तीच काच दोनदा

बुधवारी दुकानाच्या किल्ल्या साखळीवाल्यांच्या हातात द्यायच्या होत्या, म्हणून रविवारी दुपारी शटर अर्धं खाली ओढून सगळं घर आवराआवरीला जमलं. साखळीवाले म्हणजे ज्यांची चष्म्याची दुकानं गावोगावी एकाच रंगाच्या पाटीखाली चालतात आणि जिथल्या विकणाऱ्यांच्या शर्टावर कंपनीचं नाव असतं, ती मंडळी. बाबांच्या वडिलांनी मांडलेलं दुकान आता ते चालवणार होते. बाबांच्या थोरल्या मुलाला व्यवस्थापक म्हणून ठेवायचं त्यांनी कबूल केलं होतं. त्याच्या बायकोला, थोरलीला, मात्र ठेवणार नव्हते. चौदा वर्षं थोरली इथे डोळे तपासत होती, अर्ध्या गावाच्या नाकावर तिने काढलेला नंबर होता, पण तिच्याकडे त्या कामाची पदवी नव्हती. तिला सासऱ्यांनी शिकवलं होतं, आणि सासऱ्यांचा शब्द कंपनीत चालत नाही.

तेव्हा बुधवारपासून थोरली घरी. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सुरात म्हणून पाहिलं होतं. सासूबाईंच्या सुरात समाधान होतं, की चला, घरात एक हात वाढला. थोरल्याच्या सुरात अपराधीपणा होता. थोरली स्वतः ते वाक्य म्हणत नव्हती. तिने कुणाला न सांगता एका संस्थेची परीक्षा दिली होती. पस्तिशीनंतर नोकरीला लागू पाहणाऱ्या बायकांना संगणकाची भाषा शिकवणारा वर्ग, चारशे जणींमधून वीस जणी घेणार, आणि त्यात हिचा नंबर सातवा. निकालाचा कागद तिने शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हाच घराला ते कळलं.

कागदाला एक अट जोडलेली होती. पायथन, जावा आणि सी प्लस प्लस अशा तीन चौकटी, त्यातल्या एकीवर खूण करायची. निवडलेली भाषा नंतर बदलून मिळणार नाही, आणि सोडून गेलेल्या बाईला पुन्हा घेणार नाहीत. अर्ज सोमवारी सकाळी दहापर्यंत द्यायचा होता.

"आण तो कागद इकडे," बाबा म्हणाले. ते तपासणीच्या खोलीत गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसले होते. खोली इतकी तोकडी होती, की अक्षरांचा तक्ता त्यांच्या डोक्यामागे टांगला होता आणि गिऱ्हाईक तो समोरच्या आरशात वाचत असे. "मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून निवाडा मीच करतो."

"ज्याला कळतं त्याला विचारा ना," सासूबाई म्हणाल्या. त्या स्टुलावर बसून चष्म्यांच्या डब्या पुसत होत्या. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनीच पाहिलं.

थोरलीला ते बघणं नेहमीप्रमाणे खुपलं. आठ वर्षांपूर्वी धाकटी सून म्हणून आली ती लॅपटॉप घेऊनच. आठवड्यातून दोनदा ती ऑफिसात जायची, बाकीचे दिवस काम घरून, म्हणून दुकानावरच्याच घरातली माळ्याकडची खोली तिच्यासाठी रिकामी केली गेली, आणि त्या खोलीला दार होतं. धाकटी आत गेली की दार लागायचं, आणि बाहेर सगळे हळू बोलायचे, कारण मीटिंग चालू असायची. तिच्या त्या मीटिंगमध्ये चहा नेऊन ठेवायचं काम थोरलीचं. कप टेबलावर ठेवला की धाकटी पडद्यावरची नजर न काढता दोन बोटं वर करायची, म्हणजे थँक्यू. त्या दोन बोटांचा थोरलीला इतका राग यायचा, की एकदा जिन्यात उभं राहून तिने त्यांची नक्कल करून पाहिली होती आणि मग स्वतःचीच लाज वाटून खाली आली होती.

खरं सांगायचं तर तिला संगणकाची आवड वगैरे काही नव्हती. तिला ते दार हवं होतं. परीक्षेला बसली तीही त्या ईर्षेने. तिथे मात्र कोडी सोडवताना तिला मजा आली, वेळ संपला तेव्हा वाईट वाटलं, आणि ही गोष्ट तिने अजून कुणाला सांगितली नव्हती.

"सांग गं तू," बाबा धाकटीला म्हणाले. "तुझी दहा वर्षं त्यात गेली."

धाकटीने हातातली फ्रेम खोक्यात ठेवली. तिने उत्तर तयार ठेवलं होतं. शुक्रवारपासून ती तेच उत्तर घासूनपुसून बसली होती.

"ताई, मी सांगेन ते थोडं अवघड आहे," ती म्हणाली. "सी प्लस प्लस घ्या. वर्ग बारा महिन्यांचा आहे, डोकं पिकवतो, पण पाया पक्का होतो. यंत्र आतून कसं चालतं ते कळतं. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली. ती आली की बाकीच्या भाषा आपोआप येतात."

"आणि पायथन?" थोरलीने विचारलं.

"सोपी आहे. सहा महिन्यांत वर्ग संपतो. म्हणूनच तर जो तो तेच शिकतोय. गर्दी फार आहे, ताई. त्या गर्दीत तुम्ही कुठे उभ्या राहणार?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. धाकटीला तेच हवं होतं. उद्या कुणी पडताळून पाहिलं असतं तर दहातल्या चार जाणत्यांनी तिचीच बाजू घेतली असती. जे खोटं होतं ते तिने न बोललेल्या गोष्टीत होतं. शुक्रवारीच, निकालाचा कागद टेबलावर येण्याच्या चार तास आधी, तिच्या ऑफिसात एक मेल आली होती. सात महिन्यांनी त्यांच्या विभागात सहा नवशिके घ्यायचे आहेत. पायथन यायला हवी, पदवी कुठलीही चालेल, वयाची अट नाही, ओळखीतलं कुणी असेल तर कळवा. मेल वाचून तिने ती बाजूला ठेवून दिली होती. संध्याकाळी तो सातवा नंबर टेबलावर आला आणि तिच्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलं नव्हतं.

तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. पगार तिचा मोठा, मान तिला, माळ्याची खोली तिची. मग थोरलीचा एवढा हेवा का वाटावा? पण वाटत होता, आणि आजचा नव्हता. ती दुकानात आली की गिऱ्हाईक तिच्या खांद्यावरून आत डोकावून विचारायचं, ताई आहेत का? सासूबाई थोरलीवर दिवसातून चार वेळा करवादायच्या आणि पाचव्या वेळी तिच्याच कानात काहीतरी सांगून हसायच्या. धाकटीवर त्या आठ वर्षांत एकदाही चिडल्या नव्हत्या. तिच्याशी त्या अहो-जाहो करत नसत एवढंच, बाकी सगळा सूर पाहुणीशी बोलावं तसा. या घरात तिच्या मालकीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, की तिला जे येतं ते दुसऱ्या कुणाला येत नाही. तेवढीही आता थोरली घेऊन जाणार होती, आणि तीही सातव्या नंबराने.

"माझं ऐकाल तर जावा," काउंटरच्या मागून थोरला म्हणाला. तो काचा बसवायची हत्यारं एकेक करून कापडात गुंडाळत होता. "आपलं ते गिऱ्हाईक आहे ना, बँकेतलं, जाड काचांचं? तो म्हणतो, बँकांचं सगळं जावावर चालतं. बँका काही बंद पडत नाहीत."

"तुम्ही त्याला कधी विचारलंत?" थोरलीने विचारलं.

"काल आला होता. नाकाची पट्टी बदलायला."

"आणि त्याला तुम्ही सांगितलंत, की मी शिकतेय?"

"सांगितलं. सातवा नंबर पण सांगितला." थोरला हत्यारं गुंडाळतच राहिला. त्याने ते बँकवाल्याला अभिमानाने सांगितलं होतं, आणि बँकवाला वा म्हणाला तेव्हा त्याला ते आवडलं नव्हतं. पदवीच्या परीक्षेला तो स्वतः दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा तिसऱ्या पेपराला मधूनच उठून आला होता. बुधवारपासून त्याला कंपनीचा शर्ट घालायचा होता आणि सव्वीस वर्षांच्या साहेबाला सर म्हणायचं होतं. त्याच सुमारास बायको पाठीला पिशवी लावून वर्गाला जाणार. नवरा म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता, पण त्याला खालून काहीतरी टोचत होतं.

"भिंतींवर बघा जरा," धाकटा दाराशी उभा राहून म्हणाला. तो एका फ्रेमच्या कंपनीचा विक्रेता, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. "मी ज्या गावात उतरतो तिथे पहिली जाहिरात पायथनची. एवढे लोक शिकवताहेत म्हणजे कुणीतरी नोकऱ्या देत असेलच ना? वहिनी, तुम्ही पायथनच घ्या."

"जाहिराती तर केस उगवायच्या पण असतात," धाकटी म्हणाली. "तुझे उगवले का?"

सगळे हसले. धाकट्याने डोक्यावरून हात फिरवला आणि तोही हसला, पण बायकोच्या आवाजातली धार त्याला लागली होती. ती एरवी चारचौघांत त्याला असं तोडत नसे.

"बारा महिने म्हणालीस?" थोरल्याने विचारलं. "सी प्लस प्लसला?"

"हो दादा."

"मग ते काही वाईट नाही. सावकाश होईल. घराचीही घडी बसेल." आत्ताच जावावर अडून बसलेला माणूस एवढ्यात कुठे जाऊन पोचला हे थोरलीच्या लक्षात आलं. त्याला जावा नको होती की पायथन नको होती असं नाही. त्याला तिचं लवकर संपायला नको होतं.

"अवघड आहे म्हणजे चांगलंच असणार," सासूबाईंनीही वजन टाकलं. "सहा महिन्यांत येतं ते काय कामाचं? आणि धाकटी काही वाईट सांगेल का?"

"थांबा, असं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "आपल्या पद्धतीने करू. धाकटे, इथे ये. समोर बस."

बाबांची पद्धत सगळ्या घराला पाठ होती. मुलीचं स्थळ असो की भिंतीचा रंग, बाबा तो प्रश्न डोळे तपासल्यासारखाच सोडवायचे. तीन गोष्टी एकदम समोर ठेवायच्या नाहीत. दोन ठेवायच्या, जी बरी ती राहील, मग तिच्यासमोर तिसरी.

"पहिली काच पायथन, दुसरी जावा. नोकरी मिळवायला कुठली बरी?"

"जावा," धाकटी म्हणाली.

"आता पहिली जावा, दुसरी सी प्लस प्लस. कुठली बरी?"

"दुसरी."

"स्पष्ट दिसतंय? धूसर वगैरे नाही ना?"

"स्पष्ट."

"झालं तर मग. सी प्लस प्लस." बाबांनी कागद थोरलीपुढे धरला. "कर खूण."

थोरलीने कागद घेऊन बाजूला ठेवला, पेन उघडलं नाही. तिच्यासमोर तपासणीच्या काचांची पेटी होती. जिच्यात दीडशे काचा आपापल्या खाचेत बसतात ती पेटी साखळीवाल्यांना द्यायची नव्हती, घरी न्यायची होती. ती एकेक काच मऊ कापडाने पुसून जागेवर लावत होती.

धाकटी समोरच्या खुर्चीत फार नीट बसली होती. एवढं नीट बसणारी गिऱ्हाइकं थोरलीने पाहिली होती. गाडीचा परवाना टिकवायला येणारे चालक असेच बसतात, कारण ते तक्ता आधीच पाठ करून आलेले असतात. अशा माणसाला खोटं का बोलतोस म्हणून विचारायचं नसतं. बाबांनीच तिला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. उत्तराचा संशय आला की तीच काच काढायची, पुसल्यासारखं करायचं आणि थोड्या वेळाने ती नवी म्हणून पुन्हा घालायची. ज्याला खरंच दिसतं तो दोन्ही वेळा एकच सांगतो.

"तुझी ती मावसबहीण कशी आहे गं?" काच पुसत थोरलीने विचारलं. "जिचं ते कपड्यांच्या दुकानातलं काम सुटलं होतं?"

"बरी आहे," धाकटी म्हणाली. विषय बदलला म्हणून तिचे खांदे जरा सैल झाले.

"मागच्या महिन्यात तू फोनवर तिला तासभर काहीतरी समजावत होतीस. मी चहा ठेवायला आले होते. ती पण हेच शिकतेय ना?"

"हो. हुशार आहे पोरगी. दोन महिन्यांत बरंच पुढे गेली."

"कोणती भाषा?"

"पायथन. मीच बसवलं तिला. ती आधी भलतंच काहीतरी घेत होती. मी म्हटलं, वेडी आहेस का, तुला नोकरी लवकर हवीय, तर आधी..."

धाकटी थांबली.

बाबांनी समोरच्या आरशात पाहिलं, आधी थोरलीकडे, मग धाकटीकडे. त्यांना काय झालं ते कळलं होतं, कारण ती युक्ती त्यांचीच होती.

"तिचा पाया कच्चा राहिला तर चालेल?" थोरलीने विचारलं.

"तिची गोष्ट वेगळी आहे, ताई."

"कशी वेगळी?"

"तिला घाई आहे. नोकरीची."

"आणि मला?"

धाकटा बायकोकडे बघत राहिला. तो जाहिरातींवर गेला असेल, पण मूर्ख नव्हता. "म्हणजे तू वहिनींना मुद्दाम..." एवढंच तो म्हणाला.

"अगं, मग खोटं सांगितलंस होय?" सासूबाई स्टुलावरून उठल्या. हातातली डबी त्यांनी काउंटरवर आपटली. "शिकली-सवरलेली ना तू? हिने आठ वर्षं तुझ्या टेबलावर चहा नेऊन ठेवला, आणि तिला असं आडवाटेला लावायला निघालीस? लाज कशी नाही वाटली? एवढी पोटदुखी? बोल की आता, आता का तोंड शिवलंस?"

धाकटीचे डोळे भरून आले. सासूबाई तिच्यावर ओरडल्या होत्या, थोरलीवर ओरडतात तसंच, त्याच चढ्या आवाजात. आठ वर्षं तिला जे हवं होतं ते आज मिळालं, आणि ते असं मिळालं. ती उठली आणि पडदा सारून मागच्या काचा घासायच्या खोलीत निघून गेली.

"आई, पुरे," धाकटा म्हणाला, आणि बायकोच्या मागे जायला निघाला.

"तू थांब," थोरली म्हणाली. "मी जाते."

"नाही म्हणजे, ती काही तशी नाहीये गं," थोरला मध्येच म्हणाला. "तिलाही वाटलं असेल, की अवघड असलं तरी..."

"तुम्हाला काय वाटलं तेही मला कळलंय," थोरली म्हणाली. "बारा महिने म्हटल्यावर तुमचा चेहरा मी बघितला. आपलं आपण नंतर बोलू."

थोरला पुन्हा हत्यारांकडे वळला. बाबांनी कागद उचलून तिच्या हातात दिला. "शिकवलं मीच हिला," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

मागची खोली अरुंद होती. घासायचं यंत्र पुसून ठेवलं होतं, भिंतीला पांढऱ्या पावडरीचे डाग होते. धाकटी नळापाशी उभी होती. थोरलीने दार पुढे ओढायला हात नेला आणि तिच्या लक्षात आलं, की इथे नुसता पडदाच आहे. तिने तो ओढला.

तिला भांडायचं होतं. वाक्यंही तयार होती, काही तर वर्षानुवर्षं तयार होती. पण पाठमोरी उभी असलेली ती बाई बघून तिला आधी कळेना, की आपल्याला जे वाटतंय ते नेमकं काय आहे. राग होता. त्याच्या शेजारी आणखी काहीतरी होतं, आणि ते ओळखीचं नव्हतं.

"का?" तिने विचारलं.

"शुक्रवारी ऑफिसात मेल आली," धाकटी नळाकडे बघतच बोलू लागली. "सात महिन्यांनी सहा नवीन लोक घ्यायचेत. पायथनवाले. पदवी कुठलीही, वयाची अट नाही. तुम्ही सहा महिन्यांत वर्ग संपवला असता, मी नाव सुचवलं असतं, तुमचं झालं असतं. जवळजवळ नक्की."

"आणि सी प्लस प्लस घेतली असती तर ती माणसं भरून मोकळी."

"हो."

थोरली यंत्राच्या कठड्याला टेकली. सात महिने. तिने मनात एक-दोन वर्षं धरली होती, आणि तरीही कुणी घेईल की नाही याची तिला धास्ती होती. ही पोर तीन दिवस ते खिशात घालून हिंडत होती. जेवायला समोर बसत होती, ताई, थोडी भाजी द्या म्हणत होती. आता राग खराखुरा आला.

"मी तुझं काय बिघडवलं होतं गं?"

"काही नाही."

"मग?"

"तुम्ही ऑफिसात माझ्या मजल्यावर आला असता, ताई." धाकटी वळली. तिने तोंड पुसलं नव्हतं. "माझ्याच खोलीत, चार टेबलं सोडून. आणि दोन महिन्यांत तिथे सगळ्यांना तुम्ही आवडला असता. तुम्ही आवडताच. इथे बघत नाही का मी? माणसं तुम्हाला पोरं दाखवायला आणतात. आई तुमच्यावर ओरडतात आणि तुमच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. माझा नवरा फिरतीवरून आला की आधी, वहिनी कुठाय? मला इथे काय आहे? एक ते काम आहे. आणि तेही तुम्ही असं दुकानात बसून, कुणाला न सांगता, सातव्या नंबराने..."

थोरली ऐकत राहिली. ते दुसरं काय होतं ते तिला आता कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचा हेवा केला होता. तिचा, जिला पदवी नाही म्हणून बुधवारपासून घरी बसवणार होते. दार असलेल्या खोलीतली बाई तिला पाण्यात पाहत होती, जिन्यातून खाली जाणाऱ्या तिच्या पावलांचा हेवा करत होती. ते कळून तिला वाईट वाटायला हवं होतं. ते तिला गोड वाटलं, आणि तिने ते लपवलं नाही.

"मला वाटायचं, हे दुखणं माझ्या एकटीचंच आहे," ती म्हणाली.

"कसलं?"

"तुझ्या त्या दाराचं. तुझ्या मीटिंगचं. तू ती दोन बोटं वर करतेस ना चहा ठेवल्यावर, ती मोडून टाकावीशी वाटायची मला."

धाकटीने आपल्या हाताकडे पाहिलं. "मी तसं करते?"

"रोज."

"मला माहीतच नव्हतं."

"तेच तर." थोरलीने कागद यंत्रावर सपाट केला. "ती मेल मला पाठव. आत्ता. माझ्यासमोर."

धाकटीने फोन काढला. थोरलीच्या कमरेच्या खिशात फोन थरथरला, तेव्हा तिने तो काढून मेल शेवटपर्यंत वाचली, तारखेसकट. मग पायथनच्या चौकटीत खूण केली, इतकी दाबून, की ती कागदाच्या मागेही उमटली.

"नाव सुचवशील?"

"सुचवीन."

"खरं सांग. मी पुन्हा विचारीन हां, वेगळ्या तोंडाने."

"सुचवीन, ताई." धाकटी किंचित हसली आणि लगेच गंभीर झाली. "तुम्ही मला माफ केलंत?"

"नाही. एवढ्यात नाही. सात महिने आहेत, बघू."

पडद्यापलीकडे सासूबाई कुणालातरी सांगत होत्या, की पोरीने सकाळपासून धड खाल्लंही नाहीये. कुठल्या पोरीने ते दोघींनाही कळलं नाही. धाकटीने नळ सोडून तोंडावर पाणी मारलं, आणि पुसायला काही मिळेना म्हणून बाहीने पुसलं.

"ताई, एक विचारू? तुम्ही तिथे आलात, आणि दोन-तीन वर्षांत माझ्याही पुढे गेलात, तर?"

"तर जळशील."

"आणि मग?"

"मग काही नाही," थोरली म्हणाली. "मी आठ वर्षं जळतेय. सकाळी उठते, दुकानात येते, तुला चहा नेऊन देते. जमतं माणसाला."